तेवीस रद्द कागद

१२ जुलै

बाबा,

तुमचं मलम हवं आहे. चार किलो.

एवढं वाचून तुम्ही चष्मा काढून ठेवाल, म्हणून कारण लगेच सांगते. विद्यापीठातलं माझं पहिलं वर्ष संपलं. अकरा वर्षं हॉस्पिटलच्या औषधांच्या खिडकीमागे बसल्यावर मी पुन्हा शिकायला निघाले, हे आईने तुम्हाला सांगितलं असेलच आणि तुम्ही "बरं" म्हणाला असाल. शिकते आहे ते असं: एखादं औषध माणसाला खरंच लागू पडतं की नाही, हे कसं शोधायचं. रुग्ण कसे निवडायचे, त्यांना आधी काय सांगायचं, काय मोजायचं, कुणी मोजायचं आणि मोजणाऱ्याला काय कळू द्यायचं नाही.

दुसऱ्या वर्षी प्रत्येकाने स्वतःची एक चाचणी करायची असते. वर्गातल्या कुणी सर्दीच्या गोळ्या घेतल्यात, कुणी गुडघ्याचे पट्टे. मी पायाच्या जखमा घेतल्यात. साखरेच्या आजारातल्या, महिनोन्महिने न भरणाऱ्या. त्यांच्यावर लावायचं एकच मलम मला माहीत आहे. लहानपणी तुमच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून मी ते घोटलंय.

पद्धत अशी. साठ रुग्ण. तीस जणांना तुमचं मलम. बाकी तीस जणांना तसंच दिसणारं, तसाच वास येणारं, पण तुमच्या तीन पाल्यांचा रस नसलेलं. कुणाला कोणतं, ते चिठ्ठ्या टाकून ठरेल. बरण्यांवर फक्त नंबर. रुग्णाला माहीत नसतं, सिस्टरना माहीत नसतं, मलाही नसतं. यादी बंद पाकिटात आणि पाकीट आमच्या मार्गदर्शक बाईंच्या कपाटात. जखम धुणं, पट्टी, साखरेची औषधं, पायावर भार न देणं, हे दोन्हीकडे सारखं. प्रत्येकाला बारा आठवडे. सगळ्यांचे संपले की पाकीट उघडायचं.

फोनवरच विचारलं असतं. पण मी फोन केला की तुम्ही "आईला देतो" म्हणता आणि तेवढ्या वेळात चार किलो मलम मागता येत नाही.

चार वर्षांपूर्वी तुमच्या सत्काराच्या सभागृहात मी जे विचारलं ते विचारायची ती जागा नव्हती, एवढं कबूल. ही चाचणी म्हणजे त्याचा पुढचा भाग आहे असं मात्र समजू नका. तुमचं मलम चांगलं निघालं तर मी ते छापून आणीन, तुमच्या नावानिशी. नाही निघालं तर तेही छापावं लागेल. हे आधीच सांगून ठेवते.

तुमची मुलगी

६ सप्टेंबर

बाबा,

खोकं जुलैतच पोचलं. आठ बरण्या, एकही फुटली नाही. पत्ता कंपाउंडर काकांच्या अक्षरात होता, पण प्रत्येक बरणीवरची चिठ्ठी तुमच्या अक्षरात आहे: "थंड जागी ठेवावे." आठ वेळा तेच. चार वर्षांत तुम्ही मला लिहिलेलं एवढंच, म्हणून मी आठही वाचल्या.

आधी प्रयोगशाळेत मलम तपासून घेतलं. त्यात कसलेही जंतू निघाले नाहीत. तिथला माणूस म्हणाला, "घरगुती मलम इतकं स्वच्छ मी पहिल्यांदाच बघतोय." घरगुती म्हटल्याचा मला राग आला. स्वच्छ म्हटल्याचं मात्र तुम्हाला कळवते.

दुसरं मलम फार्मसी विभागाच्या बाई बनवतात: मेण, तेल, थोडा रंग, थोडा वास. वासाला त्यांना तीन आठवडे लागले. शेवटी सात जणांना डोळे मिटून हुंगायला लावलं, एकालाही ओळखता आलं नाही. मला मात्र हुंगायला दिलं नाही. म्हणाल्या, "तू मोजणार आहेस, तू लांब राहा."

मग नीतिसमिती. रुग्णांवर काही करायचं तर आधी यांची परवानगी लागते. सात माणसं आणि लांबलचक अर्ज. त्यातल्या एका बाईंना डॉक्टरकीतलं काही कळत नाही आणि त्या त्यासाठीच तिथे असतात. माझं संमतिपत्र वाचून त्या म्हणाल्या, "हे मला कळलं नाही. मला कळलं नाही तर पाय दुखणाऱ्या माणसाला काय कळणार?" चार वेळा लिहिलं. आता त्यात असं वाक्य आहे: 'तुम्हाला मिळणारं मलम औषधाचं असेल किंवा नसेल; मध्येच सोडून जायचं असेल तर कारण न सांगता जा, तुमच्या उपचारात फरक पडणार नाही.' तुम्ही रुग्णाला असं कधी सांगितलं नसतं. तुम्ही म्हणायचात, "पंधरा दिवसांत धावायला लागशील." आणि लोक लंगडत का होईना, हसत बाहेर पडायचे.

अर्जात माझ्याबद्दलही प्रश्न होते. उत्तरं दिली. परवानगी मिळाली.

तुमची मुलगी

२ ऑक्टोबर

बाबा,

आईशी बोलले. तिला विचारलं, "ते पत्रं वाचतात का?" ती म्हणाली, "वाचतात की. दोनदा वाचतात. मग माझ्याकडे बघून 'काही विशेष नाही' म्हणतात आणि घडी करून खिशात ठेवतात." म्हणून विशेष काही नसलेलं आणखी एक.

सोमवारी आणि गुरुवारी जखमांची ओपीडी. खोली अरुंद आहे, दोन टेबलं, एक खिडकी. सिस्टर जखम धुतात. मी जखमेवर पारदर्शक कागद धरून कडेने पेन फिरवते आणि नंतर तो चौकटीच्या कागदावर ठेवून घरं मोजते. मग शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढते आणि आकडा रुग्णाच्या नोंदीच्या कागदावर चढवते, एका रुग्णाला एक कागद. एका रुग्णाला वीस मिनिटं. आतापर्यंत चौदा जण घेतले.

त्यातल्या एक शिंपीणबाई आहेत. टाचेला जखम, सात महिन्यांची. त्यांना संमतिपत्र वाचून दाखवत होते तर मध्येच थांबवून म्हणाल्या, "म्हणजे तुम्हालाही माहीत नाही मला काय देताय?"

"नाही."

"आणि या सिस्टरना?"

"त्यांनाही नाही."

"मग इथे माहीत कुणाला आहे?"

"कपाटातल्या पाकिटाला."

त्या इतक्या हसल्या की पाय हलला आणि मला पुन्हा पहिल्यापासून कड काढावी लागली. सही केली, पण वर बजावलं, "पाय हलवायचा नाही म्हणता, मग मशीन काय हाताने चालवू?" आता त्या दुसऱ्या पायाने चालवतात. शिलाई वाकडी येते म्हणून गिऱ्हाइकं कुरकुर करतात असं कळलं.

चाचणी चांगली चालली आहे. इतकी चांगली की कधीकधी घरं पुन्हा मोजून बघते. जास्त काही सांगता येत नाही, नियम आहे.

बाबा, तुम्ही जखम मोजायचात का हो? मला आठवतं ते असं: तुम्ही वाकून बघायचात, नाकाने "हं" करायचात आणि म्हणायचात, "गेल्या वेळेपेक्षा लहान आहे." नेहमी लहानच असायची.

तुमची मुलगी

१९ नोव्हेंबर

बाबा,

हे पत्र तीनदा फाडलंय. या वेळी फाडणार नाही.

पहिली गोष्ट. समितीच्या अर्जात एक प्रश्न होता: 'औषध बनवणाऱ्याशी तुमचा काही संबंध आहे का?' मी 'नाही' लिहिलं. लिहिताना वाटलं, ते खरंच आहे. चार वर्षं जो माणूस फोन आईकडे देतो त्याच्याशी काय संबंध. अर्जात तुमचा उल्लेख 'लहान गावातील एक अनुभवी डॉक्टर' असा केला. आपलं आडनाव सगळीकडे सापडतं, कुणाला शंका आली नाही.

दुसरी गोष्ट. वास त्यांनी हुबेहूब आणला. पण तुमचं मलम अंगाच्या उबेने पातळ झालं की पट्टीच्या कडेला पिवळसर गोल डाग सोडतं. ते फार्मसीतल्या बाईंना कुठून माहीत असणार? ते मला माहीत होतं. शाळेत माझ्या बोटांना तो पिवळा रंग असायचा आणि वर्गातल्या मुली विचारायच्या. चौथ्या रुग्णाची पट्टी सुटली आणि मला कळलं. त्यानंतर प्रत्येकाची पट्टी सुटली की कळायचं. कोणती बरणी तुमची, ते ज्याला अजिबात कळायला नको होतं त्यालाच कळत होतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. स्वतःला म्हटलं, कळलं म्हणून काय झालं, कागद ठेवायचा, पेन फिरवायचं, घरं मोजायची. त्यात आपण काय ढवळाढवळ करणार? तेवीस रुग्ण होईपर्यंत असंच म्हणत राहिले.

गेल्या सोमवारी मार्गदर्शक बाई माझी कच्ची वही चाळत होत्या. कोपऱ्यात कुठे 'आ' लिहिलं होतं, कुठे 'दु'. त्यांनी विचारलं, "हे काय?"

मी म्हटलं, "अशीच खूण."

"कशाची?"

मला खोटं सुचलं नाही. म्हटलं, "आ म्हणजे आपलं. दु म्हणजे दुसरं."

त्यांनी वही मिटली. "आपलं? कुणाचं आपलं?"

मग सगळं सांगितलं. पट्टी, डाग, अर्जातलं 'नाही' आणि तुम्ही. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "वर्षभर मी तुम्हाला एकच गोष्ट शिकवते आहे. मोजणारा माणूस वाईट असतो म्हणून त्याच्यापासून लपवायचं नसतं. तो माणूस असतो म्हणून लपवायचं असतं. तू परीक्षेत हे लिहिलंस आणि पैकीच्या पैकी गुण मिळवलेस."

काल समितीपुढे दीड तास उभी होते. चाचणी बंद करायची का, मला काढायचं का, दोन्हींवर माझ्यासमोर बोलणं झालं. शेवटी डॉक्टरकी न कळणाऱ्या त्या बाई म्हणाल्या, "ज्या तेवीस जणांनी सह्या केल्यात त्यांचा यात काय दोष? त्यांचे पाय वाया घालवू नका." म्हणून चाचणी चालू आहे. मी मात्र यापुढे जखमेजवळ जायचं नाही. मोजणी दुसरं कुणीतरी करेल, आधीच्या तेवीस जणांची फोटोंवरून पुन्हा होईल. माझे आकडे रद्द. जे घडलं ते अहवालात माझ्याच शब्दांत छापायचं. पदवी एक सत्र उशिरा.

आता तिसरी गोष्ट, जी समितीला सांगायची नव्हती.

तुमच्या पस्तीस वर्षांच्या सत्काराच्या दिवशी पत्रकावर छापलं होतं, 'हजारो पाय वाचवले.' मी सगळ्यांसमोर विचारलं, "जे परत आले नाहीत ते बरे झाले, असं कशावरून?" तुम्ही विचारलंत, "तू माझी मुलगी आहेस की तपासनीस?" लोक हसले आणि मी निघून आले. तुम्हाला वाटलं, शिकून शहाणी झाली.

त्याच्या दोन आठवडे आधी, निवृत्तीनंतर पुढच्या गावी राहायला गेलेले आपले टपालवाले काका माझ्या खिडकीपाशी आले होते. चाकांच्या खुर्चीत. उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. मी विचारलं, "काका, हे कधी? बाबांना माहीत आहे?" ते म्हणाले, "डॉक्टरांना सांगू नकोस हं. त्यांना वाईट वाटेल. त्यांचं मलम सगळ्यांना लागू पडतं, मलाच पडलं नाही. माझंच काहीतरी चुकलं असणार." जखम काळी पडली तरी ते तीन महिने लावत राहिले, बाबा. आणि लाजेने तुमच्याकडे फिरकले नाहीत. तुमच्या हिशेबी ते बरे होऊन गेले होते.

मी त्यांना शब्द दिला होता, सांगणार नाही म्हणून. तो मोडला. पण चार वर्षं तो पाळला म्हणून तुम्हाला माझा प्रश्न निव्वळ आगाऊपणा वाटला, हेही बरोबर नाही.

तुमची मुलगी

३० जानेवारी

बाबा,

तुमच्याकडून काही नाही. आई म्हणाली, "या वेळी 'काही विशेष नाही' म्हणाले नाहीत. पत्र खिशातही ठेवलं नाही." तिने मला काय लिहिलंस म्हणून विचारलं. मी म्हटलं, त्यांनाच विचार.

इकडचं सांगते. तेवीस जणांचे फोटो पुन्हा मोजायला बाईंनी भूगोल विभागातले एक गृहस्थ शोधले. आयुष्यभर नकाशे काढलेले. मोजपट्टीवरून सगळे फोटो एका मापाचे केले आणि फक्त जखम व तिची कड दिसेल एवढाच भाग काळा-पांढरा छापून त्यांना दिला. नंबर बदलले, आठवड्यांचा क्रमही उलटसुलट केला. पहिला कागद हातात घेऊन त्यांनी विचारलं, "हे कुठलं तळं?" बाई म्हणाल्या, "तळंच समजा." त्यांनी अडीचशेच्या वर तळी मोजली. टोकदार पेन्सिलीने, एकेक दोनदा. खरं काय आहे ते शेवटी सांगितलं तेव्हा हातातला चहा त्यांनी तसाच खाली ठेवला.

मग बाईंनी मला खोलीत बोलावलं आणि दोन रकाने समोर ठेवले. एकात माझे आकडे, दुसऱ्यात त्यांचे. पाकीट अजून बंदच आहे, पण वहीतल्या माझ्या खुणा होत्या. जिथे 'दु' लिहिलं होतं तिथे आम्हा दोघांचे आकडे जवळपास सारखे. जिथे 'आ' होतं तिथे माझी प्रत्येक जखम त्यांच्यापेक्षा लहान. थोडी नाही, साधारण सहाव्या हिश्शाने.

मी मुद्दाम केलं नाही, बाबा. शपथेवर सांगते. अर्धं घर आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न प्रत्येक कडेला येतो. 'दु'च्या वेळी ते घर मी आत धरलं. 'आ'च्या वेळी बाहेर टाकलं. कागदावर पेन फिरवताना मला खरोखर तसंच दिसत होतं.

मी बाईंना म्हटलं, "मला वाटत होतं की मी त्यांच्या विरुद्ध आहे."

त्या म्हणाल्या, "आकडे तसं म्हणत नाहीत."

मग मी थोडा वेळ रडले, त्यांनी खिडकी उघडली आणि आम्ही रुग्णांच्या पुढच्या तारखा लावायला घेतल्या.

तुमची मुलगी

१७ एप्रिल

बाबा,

काल पाकीट उघडलं. तुम्हाला बाहेरून कळायच्या आधी माझ्याकडून कळावं म्हणून आजच लिहिते. गोल गोल सांगत नाही.

तुमचं मलम लावलेले तीस. त्यांतल्या सतरा जणांची जखम बारा आठवड्यांत पूर्ण भरली. दुसरं लावलेले तीस. एक जण गाव सोडून गेला, उरले एकोणतीस. त्यांतल्या सोळा जणांची भरली. ज्यांची पूर्ण भरली नाही त्यांचीही जखम दोन्हीकडे सारखीच लहान झाली. तुमच्या तीन पाल्यांच्या रसाने फरक पडला असं या चाचणीत दिसलं नाही. अपाय झाला असंही दिसलं नाही.

माझे रद्द झालेले आकडे धरले असते, तर सुरुवातीच्या रुग्णांमध्ये तुमचं मलम चांगलं ठरलं असतं. तेवीसपैकी बावीस जणांची बरणी मी बरोबर ओळखली होती.

आणखी एक गोष्ट सांगायचा मोह होतोय. या हॉस्पिटलच्या जुन्या नोंदींत अशा जखमा इतक्या लवकर भरलेल्या नाहीत. दोन्हीकडच्या रुग्णांचे पाय आठवड्यातून दोनदा कुणीतरी नीट धुतले, पाहिले, भार देऊ नका म्हणून ओरडलं. तुमच्याकडेही तेच व्हायचं. तुम्ही स्वतः स्टुलावर बसून पाय धुवायचात, कंपाउंडर काकांना हात लावू द्यायचा नाहीत. म्हणून लिहावंसं वाटतं, की लोक मलमाने नाही, तुमच्या हाताने बरे व्हायचे. तुम्हाला बरं वाटलं असतं आणि मलाही.

पण ते आम्ही तपासलेलं नाही. खरं असेल, नसेलही. माहीत नसलेलं तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहिलं तर या वर्षात मी काहीच शिकले नाही असं होईल. म्हणून माहीत नाही, एवढंच लिहिते.

शिंपीणबाईंची टाच भरली. त्यांना दुसरं मलम होतं. सांगितल्यावर म्हणाल्या, "म्हणजे मला फसवलंत आणि मी बरी झाले." दोन्ही पायांनी मशीन चालवतात आता.

अहवालाची प्रत सोबत आहे. पान अकरावर माझी चूक आहे.

तुमची मुलगी

४ मे

पत्रं सगळी मिळाली. नोव्हेंबरचं सगळ्यांत जास्त वेळा वाचलं. आता मी लिहितो. माझं अक्षर तुला लागेल अशी आशा आहे, औषधांच्या खिडकीत बसलेली आहेस.

अहवाल तीनदा वाचला. आकड्यांची पानं समोरच्या नव्या डॉक्टरकडून समजावून घेतली. तो पोरगा आधी अवघडला. मी म्हटलं, मलम माझं आहे, मुलगी माझी आहे, तू फक्त तक्ता सांग. त्याने सांगितला. चाचणी नीट केली आहे असं त्याचं मत पडलं. माझंही.

दोन दिवस दवाखाना उघडला नाही. तिसऱ्या दिवशी एक बाई पाय घेऊन आल्या. धुतला आणि सवयीने बरणीकडे हात गेला. मग त्यांना सांगितलं, हे मलम साध्या मलमापेक्षा जास्त काही करत नाही असं माझ्या मुलीने शोधून काढलंय. त्या म्हणाल्या, मग साधं लावा. साधं माझ्याकडे कुठे आहे? तेव्हा त्या दुसऱ्या मलमाची कृती लिहून पाठव, रंग आणि वास सोडून. पाला वाटायचा वाचणार म्हणून कंपाउंडर कालपासून शीळ घालतोय. तीस वर्षं हा माणूस मनातल्या मनात त्या पाल्याला शिव्या देत होता, हे मला आत्ता कळलं.

टपालवाल्याकडे डिसेंबरात गेलो होतो. तुला कळवलं नाही. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, पण दार उघडताच तोच म्हणाला, "डॉक्टर, माफ करा, तुमच्या औषधाचं नाव खराब केलं मी." पाय त्याचा गेला आणि माफी तो मागतोय. मी खाली बसलो आणि त्याचा उरलेला पाय मांडीवर घेतला. आता दर रविवारी जातो. त्याचा दुसरा पाय बघतो. मोजतोसुद्धा. तुझ्या पत्रात वाचून पारदर्शक कागद आणलाय. अजून जखम नाही, पण बोटांमधली भेग मोजून ठेवली आहे.

शिवाय जुनी रजिस्टरं काढली आहेत. मध्येच यायचे बंद झालेल्यांना एकेक करून पत्रं टाकतो आहे. चाळीस टाकली. एकवीस उत्तरं आली. सगळी चांगली नाहीत.

सभागृहात मी जे बोललो ते चारशे माणसांसमोर बोललो. हे मात्र एकटीला लिहितो आहे. ते बरोबर नाही, मला कळतं. पण सुरुवात इथून करतो.

आता काम. तुझी तेवीस जणांची मोजणी रद्द झाली म्हणतेस. ज्यात तुला आमच्या बाजूच्या जखमा लहान दिसल्या, ते कागद. रद्द झालेल्या कागदांचं तुमच्याकडे काय करतात? टाकून देत असतील तर मला पाठव. मला हवे आहेत.

बाबा

१० मे

बाबा,

कृती: मेण एक भाग, तेल चार भाग. मंद आचेवर मेण वितळवायचं, तेल घालायचं, गार होईपर्यंत ढवळायचं. एवढंच. काकांना सांगा, ढवळणं चुकणार नाही.

कागद पाठवता येत नाहीत. रद्द झालेलं काहीच टाकता येत नाही, हा नियम आहे. चुकलेला आकडासुद्धा खोडायचा नसतो. वाचता येईल अशी एक आडवी रेघ मारायची, शेजारी तारीख आणि सही. माझ्या तेवीसही कागदांवर तशा रेघा आहेत. पंधरा वर्षं ते विद्यापीठाच्या कपाटातच राहणार. प्रतही बाहेर देत नाहीत.

पण येऊन बघता येतात. मी काल बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "रुग्णांची नावं नाहीत, नुसते नंबर आहेत. माझ्यासमोर बसून खुशाल बघू देत." आणि मग म्हणाल्या, "त्यांना कधी जमेल?"

मंगळवारी किंवा शुक्रवारी, दुपारी दोननंतर. सकाळची गाडी धरलीत तर बारापर्यंत पोचाल. आईला आणा, तिला ती अरुंद खोलीही बघायची आहे. बाईंची खोली दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंदच असते. जिन्याला डाव्या हाताला कठडा आहे, तुमचा दुखरा गुडघा उजवा, म्हणजे अडचण नाही. खालच्या दारावरचा माणूस कुणाकडे जायचं म्हणून विचारेल.

त्याला काही सांगावं लागणार नाही. मी दारातच उभी असेन.

तुमची मुलगी